खांदेकऱ्यालाही विसावा हवा
(बी. ए. भाग २)

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर हल्ला झाला आणि चाळीस जवान शहीद झाले. त्यांतील दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे होते. एक मलकापूरचे संजय राजपूत आणि दुसरे लोणार तालुक्यातील चोरपांग्र्याचे नितीन राठोड. मी त्या वेळी सातवीत होतो. आमच्या गावातील एका घरी सारी आळी दूरचित्रवाणीसमोर बसली होती. पेटी आली, घोषणा झाल्या, बायाबापड्यांनी पदर डोळ्यांना लावले. सर्वांचे डोळे त्या पेटीवर खिळलेले होते. माझे मात्र का कोण जाणे, पेटी धरून चालणाऱ्या एका जवानाकडे लक्ष गेले. तो रडत नव्हता. तो कोठेच पाहत नव्हता. पेटी खाली ठेवल्यावरही त्याचा हात तशीच कडी धरल्यासारखा आवळलेला होता.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे. जो गेला त्याची आपण पूजा करतो, आणि ते योग्यच आहे. पण ज्याने त्याला उचलले, पुसले, ओळखले, पेटीत ठेवले आणि घरापर्यंत आणले, त्याचे पुढे काय होते? त्याला कोणी विचारते काय? मी मानसशास्त्राचा पंडित नाही. ज्याचा बाप चौथीपर्यंत शिकला आणि ज्याची माय आजही अंगठा उठवते, अशा घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच मुलगा आहे. तरीपण या प्रश्नाने आमच्याच घरात ठाण मांडले असल्यामुळे त्यावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम हे काम काय असते ते समजून घेतले पाहिजे. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत धारातीर्थी पडलेल्या बहुतेक सैनिकांवर आघाडीजवळच अंत्यसंस्कार होत असत. घरी येत असे ती तार आणि मागाहून त्याचे सामान. १९९९ च्या कारगिल युद्धात ५२७ जवान शहीद झाले आणि त्या वेळी पार्थिव देह गावी पाठवण्याची पद्धत सर्वत्र सुरू झाली. गावाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट झाली. आईला मुलाचे शेवटचे दर्शन मिळू लागले. पण त्यामुळे कोणाच्या तरी हातांवर नवे काम आले. देह शिखरावरून खाली आणायचा, ओळख पटवायची, आईला पाहता येईल असा तो करायचा आणि मग त्याच्याबरोबर गावापर्यंत जायचे. अमेरिकेच्या सैन्यात या कामासाठी स्वतंत्र तुकड्या आहेत. आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा त्याच पलटणीतील सोबत्यांवर येते. काल ज्याच्याबरोबर एका ताटात जेवलो, आज त्यालाच उचलायचे! कारगिलच्या शिखरांवर तर आपल्या जवानांनी शत्रूच्या मृत सैनिकांचेही त्यांच्या धर्मरीतीप्रमाणे दफन केले. मेलेल्याशी वैर नसते हे आपण म्हणतो. त्यांनी ते करून दाखवले.

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमधील सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि मद्रास रेजिमेंटचे दहा जवान गाडले गेले. त्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातील सुनील सूर्यवंशीही होते. एकोणीस हजार फुटांवरच्या त्या थंडीत सोबती दिवसरात्र बर्फ कापत राहिले. लान्सनायक हणमंतप्पा कोप्पड सहाव्या दिवशी जिवंत सापडले आणि सारा देश हरखून गेला. पण ११ फेब्रुवारीला त्यांचीही ज्योत मालवली. वर्तमानपत्रांतून आपण हणमंतप्पांसाठी प्रार्थना केली. बाकीचे नऊ देह ज्यांनी बर्फातून हातांनी मोकळे केले, त्यांची नावे आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहेत?

आणि युद्धच कशाला हवे? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला धरणी कापली. सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. तेथे ढिगारे उपसायला लष्कराचे जवान आले होते. देह काढायचा, सरणावर ठेवायचा आणि पुन्हा पुढच्या घराकडे वळायचे. वरून पाऊस, खाली चिखल. बंदूक चालवण्याचे शिक्षण घेतलेल्या त्या पोरांना याचे शिक्षण कोणी दिले असेल?

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले बंधू, फौजेत होते. निवृत्त होऊन आले आणि मेहकर तालुक्यातील आमच्या गावी सोयाबीन, तूर करू लागले. वागायला साधे, बोलायला कमी. गावात त्यांचे एक वेगळेच काम होऊन बसले होते. कोणी विहिरीत पडला, कोणी रस्त्यावर गाडीखाली आला, कोणी शेतकरी कर्जापायी झाडाला लटकला, की पहिला निरोप आमच्या घरी येत असे, "फौजीले बोलवा. त्याले भेव नाही." मोठेबाबा काही न बोलता पायांत चपला घालून निघत. काम उरकून आले की न्हाणीत तासभर हात धूत राहत. आम्हा मुलांना त्याचे हसू येई. फौजी माणसाला स्वच्छतेची सवय असते, असे आम्ही समजत होतो.

मी दहावीत असताना शेजारच्या आळीतील एक माणूस विहिरीत सापडला. पोलिस आले होते, पण खाली उतरायला कोणी तयार नव्हते. पोलिसपाटलांनी मला पिटाळले. मी धावत जाऊन मोठेबाबांना बोलावून आणले, आणि खोटे कशाला सांगू, मला त्याचा अभिमान वाटला होता! माझा काका ते करतो जे कोणाच्याने होत नाही! त्यानंतर तीन दिवस मोठेबाबा गोठ्यात बसून होते. जेवण नाही, बोलणे नाही. चौथ्या दिवशी मोठ्या आईने मला बाजूला घेऊन एवढेच म्हटले, "पोरा, यापुढं त्यायले बोलवाले येऊ नको. रातभर झोपत नाहीत ते. तुमाले काय माहीत?" खरोखर, आम्हाला काय माहीत होते?

पुढे कॉलेजात मानसशास्त्र विषय घेतल्यावर मी धीर करून एकदा त्यांना विचारले. फार वेळ ते गप्प राहिले. मग सांगितले ते असे. (ठिकाण आणि साल येथे देत नाही, कारण त्यांची तशी इच्छा आहे.) डोंगरातील एक चौकी बर्फाखाली दबली. ज्यांनी देह काढले त्यांत मोठेबाबा होते. देह काढताना काही वाटले नाही, म्हणाले. हात थंडीने बधिर, मन त्याहून बधिर. नंतर प्रत्येकाच्या खिशातील वस्तूंची यादी करायची होती. एका जवानाच्या खिशात सुतळीचा एक तुकडा निघाला. वीतभर लांब, दोन्ही टोकांना गाठी. यादी लिहिणाऱ्याला काही कळेना, तो म्हणाला, हा कचरा आहे, टाकून द्या. मोठेबाबांनी टाकू दिला नाही.

"मले पाहताबरोबर समजलं ना," ते मला म्हणाले, "लेकराच्या पायाचं माप हाये ते. सुट्टीत येतानी जोडा आणाले सांगितला असन घरून. तुह्या दादाचं बी असंच माप मह्या खिशात होतं तवा."

मित्रहो, ज्या माणसाला प्रेतांनी हलवले नाही, त्याला वीतभर सुतळीने कायमचे हलवून टाकले. त्या क्षणी समोरचा देह परका राहिला नाही. तो मेहकरचाच, आमच्याच घरचा कोणीतरी झाला.

ही एकट्या मोठेबाबांची तऱ्हा असती तर मी हा लेख लिहिला नसता. १९८९ साली अमेरिकेच्या 'आयोवा' या युद्धनौकेवर तोफेच्या बुरुजात स्फोट होऊन ४७ नौसैनिक मृत्यू पावले. ते देह हाताळणाऱ्या ५४ स्वयंसेवकांचा तेथील मानसशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. ज्यांच्या मनात 'हा माझा एखादा मित्र असू शकला असता' असा विचार आला, त्यांना पुढे मानसिक त्रास अधिक झाला, असे त्यांना आढळले. मृताशी नाते जुळले की मनाचे कवच गळून पडते. पुलवामात तर अनेक देहांची ओळख ओळखपत्रांवरून, आधारकार्डांवरून आणि खिशांतील रजेच्या अर्जांवरून पटवावी लागली. रजेचा अर्ज! ज्याच्या स्वतःच्या खिशातही तसाच अर्ज आहे, त्याने तो वाचल्यावर त्याची काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

जून २०२३ मध्ये ओडिशात बालासोरजवळ आगगाड्यांचा भीषण अपघात झाला. सुमारे तीनशे माणसे दगावली. तेथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान गेले होते. त्या दलाचे तेव्हाचे महासंचालक अतुल करवाल यांनी काही दिवसांतच जाहीरपणे सांगितले, की आपल्या एका जवानाला पाणी पाहिले की रक्त दिसते आणि दुसऱ्याची अन्नावरची वासनाच उडाली आहे. अशा मोहिमांवरून परतणाऱ्यांसाठी समुपदेशनाची सोय केल्याचेही ते म्हणाले. मला या गोष्टीचे मोल फार वाटते. दलाचा प्रमुखच जेव्हा चार लोकांत 'माझ्या जवानाला त्रास होतो' असे म्हणतो, तेव्हा त्या जवानाची मान खाली जात नाही.

येथे काही मंडळी म्हणतील, सैनिक हा कणखरच असला पाहिजे. असे रडगाणे गाऊ लागला तर सीमा कोण राखणार? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, कारण खुद्द मोठेबाबांचेही तेच मत आहे. पण कणखर माणसाला दुखत नाही असे कोठे आहे? पायाला गोळी लागली तर सैनिकाला आपण भित्रा म्हणत नाही, त्याला दवाखान्यात नेतो. मनाला लागले की मात्र तो दुबळा ठरतो, हा कोठला न्याय? शिवाय ज्याला झोप नाही, ज्याला पाण्यात रक्त दिसते, त्याच्या हातात दुसऱ्या दिवशी बंदूक देणे हे सीमेच्याच दृष्टीने धोक्याचे नाही काय?

दुसरे म्हणतील, सोयी आहेत की! जवानाने जाऊन सांगावे. सोयी आहेत हे खरे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराचा हक्क प्रत्येकाला दिला. २०२२ साली 'टेली-मानस' ही फोनवरची सेवा निघाली; १४४१६ हा तिचा क्रमांक. डिसेंबर २०२३ मध्ये सैनिकांसाठी तिचा खास कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू करण्यात आला. ही सर्व पावले स्वागतार्ह आहेत. परंतु 'जाऊन सांगावे' यातच सारी मेख आहे. जो सांगायला जातो त्याच्या मनात बढतीची चिंता असते, सोबत्यांच्या हसण्याची भीती असते. मोठेबाबांच्या पलटणीचे साहेब चांगले होते. त्यांनी सर्वांना दोन दिवसांची विश्रांती दिली आणि काही हवे असल्यास सांगा म्हणाले. कोणीच काही सांगितले नाही. माझ्या मते मागेल त्याला मदत हे धोरणच येथे अपुरे आहे. हे काम ज्याने केले त्याला मदत न मागता मिळाली पाहिजे, जशी वर्दी मिळते, जसा शिधा मिळतो.

आणि ती कशी द्यावी हे शिकायला आपल्याला फार दूर जाण्याची गरज नाही. आपल्या गावांची रीत पाहा. तिरडी निघाली की एकच माणूस शेवटपर्यंत खांदा देत नाही. अर्ध्या वाटेवर विसावा असतो. तेथे तिरडी खाली टेकवतात, खांदेकरी बदलतात. स्मशानातून कोणी एकटा घरी जात नाही. सगळे मिळून आंघोळ करतात, कडुलिंबाचा पाला चावतात, थोडे एकत्र बसतात. कोणी कोणाला 'तुला कसे वाटते' असे विचारत नाही, तरी कोणी एकटा नसतो. दहावा होतो, तेरावा होतो. म्हणजे तेरा दिवसांनंतरही गाव विचारपूस करीत असतो. यातील सोवळेओवळे मला मान्य नाही, पण त्यामागचे शहाणपण मला आज नव्याने कळले आहे. मरणाला हात लावलेल्या माणसाला परत जिवंत माणसांत आणण्याची ती वाट आहे. सैनिकाला ना विसावा, ना पाला, ना तेरावा! तो हात धुतो आणि पहाऱ्यावर उभा राहतो.

म्हणून मला सुचवावेसे वाटते ते असे. एक, या कामावर पाठवण्यापूर्वी काय दिसणार, कसला वास येणार, मनात काय काय येईल हे जवानाला स्पष्ट सांगावे. नवख्याबरोबर जाणता द्यावा. दोन, खांदेपालट असावा. तेच ते हात पुन्हा पुन्हा लावू नयेत, आणि ज्याने देह उचलला त्यालाच खिशातील चिठ्ठ्या आणि फोटो चाळायला लावू नये. तीन, काम संपल्यावर तुकडीने एकत्र बसावे. येथे एक सावधगिरी हवी. प्रत्येकाला धरून एकदाच सर्व वदवून घेतल्याने लाभ होत नाही, प्रसंगी अपायही होतो, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. ज्याला बोलायचे त्याने बोलावे, इतरांनी नुसते बसावे. चार, महिन्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षाने विचारपूस व्हावी, आणि ती सर्वांची व्हावी, म्हणजे कोणा एकाकडे बोट दाखवले जाणार नाही. पाच, पार्थिवाबरोबर गावी जाणाऱ्या जवानाला त्या आईचा आक्रोश पाहून लगेच कामावर हजर व्हावे लागू नये. त्याला आधी त्याच्या आईला भेटून येऊ द्यावे.

पण सरकारने हे करावे आणि ते करावे, एवढे लिहून हात झटकणे सोपे आहे. निवृत्त सैनिक राहतो गावात. बुलढाण्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय त्याच्या मुलांच्या शिष्यवृत्तीची, निवृत्तिवेतनाची कामे पाहते; त्याच्या झोपेची चौकशी गावालाच करावी लागेल. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत २०१५ साली शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' निघाला. त्यात आशाताई घरोघर जाऊन शेतकऱ्याच्या मनाची विचारपूस करतील अशी योजना होती. शेतकऱ्यासाठी जे सुचले ते माजी सैनिकासाठी का सुचू नये? कित्येकदा तर तो एकच माणूस असतो.

१ जुलै २०२३ ची पहाट आपण विसरलेलो नाही. सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटली आणि पंचवीस माणसे जळून गेली. मी बारावीत होतो. पुढचे कित्येक दिवस आपण रस्त्याविषयी, टायरविषयी, वेगाविषयी तावातावाने बोललो. ते देह ज्या पोलिसांनी, रुग्णवाहिकेच्या चालकांनी, दवाखान्यातील कामगारांनी बाहेर काढले, वाहिले, त्यांच्याविषयी मी कोणालाही बोलताना ऐकले नाही. मीही बोललो नाही. त्यांना वर्दी वेगळी असेल, पण ओझे तेच आहे.

आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय छात्रसेना आहे, राष्ट्रीय सेवा योजना आहे. दरवर्षी आपण माजी सैनिकांना बोलावतो, शाल-श्रीफळ देतो, शौर्याच्या गोष्टी सांगा म्हणतो. यंदा एकदा त्यांना शौर्याची गोष्ट न मागता नुसते बोलावू या. त्यांच्याबरोबर बसू या. आपल्यातील कितीतरी जण पहाटे उठून मेहकर-चिखलीच्या रस्त्यांवर भरतीसाठी धावतात. छाती किती, उंची किती, सोळाशे मीटर किती मिनिटांत, एवढेच आपण मोजतो. उद्या या कामाची पाळी आपल्यावरही येऊ शकते, हे त्यांना आजच कोणीतरी सांगायला हवे.

शेवटी एक सांगून थांबतो. यंदाच्या दिवाळीनंतर गावात पुन्हा तसाच प्रसंग आला. निरोप आमच्या घरी आला, "फौजीले बोलवा." मोठेबाबा चपला शोधू लागले. मी म्हटले, "मोठेबाबा, तुम्ही बसा. आम्ही जातो." आम्ही चौघे मित्र गेलो. हातपाय कापत होते, ते लपवत नाही. पण आम्ही चौघे होतो, मधेच खांदा बदलता येत होता. परत आलो तेव्हा मोठेबाबा ओट्यावर बसलेले होते. बादल्या भरून ठेवल्या होत्या, पाल्याची डहाळी तोडून आणलेली होती. आमच्या आंघोळी होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बसा. कोणी घरी जाऊ नका आत्ता."

आम्ही बसलो. बराच उशिरापर्यंत बसलो.